सीमेवर प्रवेश का नाकारला जातो?

व्हिसा मिळाला म्हणजे परदेशात प्रवेश निश्चित झाला, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाऊन आत येण्याची परवानगी मागण्याची मुभा. दार उघडावयाचे की नाही, हे तेथे बसलेला इमिग्रेशन अधिकारी ठरवितो. आखातात नोकरीस जाणारे गोमंतकीय, बोटीवर काम करणारे खलाशी, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली कुटुंबे आणि उच्च शिक्षणासाठी बाहेर पडणारे विद्यार्थी या सर्वांना या दारासमोर उभे राहावे लागते. म्हणूनच प्रवेश कोणकोणत्या कारणांनी नाकारला जातो, त्यांपैकी कोणते कारण दुरुस्त करता येते आणि कोणते वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही, हे प्रवासापूर्वीच ठाऊक असणे हिताचे ठरते.

नकाराचे तीन टप्पे

पहिला नकार दूतावासात मिळू शकतो. व्हिसाचा अर्ज फेटाळला जातो आणि प्रवास सुरूच होत नाही. दुसरा नकार विमान कंपनीच्या काउंटरवर मिळतो. अपुऱ्या कागदपत्रांचा प्रवासी आणल्यास विमान कंपनीला दंड होतो. शिवाय त्याला परत नेण्याची जबाबदारीही तिच्यावरच येते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीच्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टात तशी तरतूद आहे. त्यामुळे कंपनीचे कर्मचारी 'टिमॅटिक' नावाच्या माहितीकोशात प्रत्येक देशाचे नियम पाहूनच बोर्डिंग पास देतात. हा नकार कंपनीचा असतो; परदेशी सरकारचा नव्हे. तिसरा नकार प्रत्यक्ष सीमेवरचा. विमान उतरल्यावर, पासपोर्ट तपासणीच्या खिडकीशी तो मिळतो आणि परतीच्या विमानात बसविले जाते. तिन्हींत हाच सर्वाधिक क्लेशदायक, कारण तिकिटाचा खर्च, नोकरीचा करार आणि पुढील प्रवासाची शक्यता असे सारेच त्यात पणाला लागते.

अधिकार कोणाचा?

स्वतःच्या भूमीवर परक्या नागरिकाला येऊ द्यावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राचा मानला जातो. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील तेरावे कलम कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क सांगते. दुसऱ्याच्या देशात शिरण्याचा हक्क मात्र त्यात कोठेही नाही. या अधिकाराला एक महत्त्वाची मर्यादा आहे. १९५१ च्या निर्वासित करारातील तेहेतिसाव्या कलमानुसार, जेथे जिवाला वा स्वातंत्र्याला धोका आहे अशा ठिकाणी निर्वासिताला परत ढकलता येत नाही. भारताने या करारावर स्वाक्षरी केलेली नाही.

भारतातील स्थितीही इतर देशांपेक्षा वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मधील हान्स म्युलर प्रकरणात परकीयांना देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश असल्याचे म्हटले. परकीय व्यक्तीला घटनेच्या एकविसाव्या कलमाचे, म्हणजे जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण मिळते. देशात संचार करण्याचा वा स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क मात्र केवळ नागरिकांचा आहे, ही भूमिका पुढे १९९१ मधील लुई डी रेड्ट प्रकरणातही कायम राहिली. ब्रिटिश काळापासून चालत आलेले परकीयांविषयीचे कायदे रद्द करून आणलेला 'इमिग्रेशन आणि परकीय नागरिक कायदा, २०२५' हा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. राष्ट्रीय सुरक्षा, देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, परराष्ट्रसंबंध आणि सार्वजनिक आरोग्य या कारणांसाठी परकीयास प्रवेश नाकारता येतो आणि इमिग्रेशन अधिकाऱ्याचा निर्णय अंतिम राहतो, असे हा कायदा सांगतो. वैध पासपोर्ट वा व्हिसाविना प्रवेश केल्यास ५ वर्षांपर्यंत कारावास किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. बनावट कागदपत्रे वापरल्यास किमान २ वर्षे आणि कमाल ७ वर्षे कारावास आहे.

कागदपत्रांतील दोष

नकाराची सर्वांत साधी कारणे पासपोर्टच्या पानांतच दडलेली असतात. पासपोर्टची मुदत हे त्यांतील पहिले. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी लागते. शेंगेन करारातील २९ युरोपीय देशांचा नियम वेगळा आहे. तेथे पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा लागतो आणि परतीच्या नियोजित तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा लागतो. फाटलेले पान, सुटलेली शिलाई, भिजून पुसट झालेले छायाचित्र यांमुळेही पासपोर्ट अग्राह्य ठरतो.

नावाची नोंद हे दुसरे कारण. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असलेले भारतीय प्रवासी पुष्कळ आहेत. संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये असे एकच नाव असलेल्या पासपोर्टधारकांना पर्यटक वा भेटीच्या व्हिसावर प्रवेश न देण्याचे ठरविले. निवासी परवाना असलेल्यांना त्यातून वगळण्यात आले आणि पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे अथवा कुटुंबाचे नाव असल्यास ते ग्राह्य धरले गेले. वर्षानुवर्षे चालून गेलेली नोंद एका परिपत्रकाने अडसर कशी बनते, याचे हे उदाहरण होय.

असे दोष तात्पुरते असतात. पासपोर्ट नवा करून घेतला, नाव दुरुस्त केले, योग्य व्हिसा घेतला की अडसर दूर होतो. त्यांचा कलंक प्रवाशाच्या चारित्र्यावर लागत नाही.

हेतूविषयी संशय

कागदपत्रे निर्दोष असूनही अनेकांना परत फिरावे लागते, ते हेतूविषयीच्या संशयामुळे. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याचे कलम २१४(ब) असे गृहीत धरते की, अर्जदार कायमचे राहण्यासाठीच येत आहे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. घर, नोकरी, शेती, कुटुंब असे मायदेशाशी घट्ट बांधणारे धागे दाखविता आले नाहीत, तर पर्यटक वा विद्यार्थी व्हिसा नाकारला जातो. यात कोणतीही ठरावीक बंदी नसते; परिस्थिती बदलल्यावर पुन्हा अर्ज करता येतो. कलम २२१(जी) चे पत्र मिळाल्यास त्याचा अर्थ आणखी कागदपत्रे वा तपासणी बाकी आहे, एवढाच असतो.

सीमेवर हाच संशय दुसऱ्या रूपात येतो. पर्यटक व्हिसावर आलेल्या प्रवाशाच्या बॅगेत नोकरीचे अर्ज आणि शैक्षणिक प्रमाणपत्रांचा गठ्ठा असेल किंवा फोनमधील संदेशांत पगाराची बोलणी आढळली, तर तो कामासाठी आला आहे, असा निष्कर्ष काढला जातो. अमेरिकेत सीमेवरील अधिकाऱ्यांना प्रवाशाचा फोन व लॅपटॉप तपासण्याचा अधिकार आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी गेलेली आई नातवंडाला सांभाळायला आल्याचे सहज बोलून जाते आणि अधिकारी ते बिनपगारी का होईना, काम समजू शकतो. म्हणून व्हिसा कोणत्या कारणासाठी आहे आणि त्यात काय करण्यास मनाई आहे, हे प्रवाशाला नेमके सांगता आले पाहिजे.

खलाशांच्या बाबतीत हा नियम अधिक काटेकोर आहे. अमेरिकी बंदरात जहाजावर रुजू होणाऱ्यांसाठी 'सी-१/डी' व्हिसा असतो आणि किनाऱ्यावर उतरण्याची परवानगी जास्तीत जास्त २९ दिवसांची मिळते. जहाज निघून गेल्यावर मागे राहणाऱ्याची पुढील सागरी कारकीर्दच धोक्यात येते.

भारतातही हेच तत्त्व लागू आहे. पर्यटक व्हिसावर येऊन किनारी भागात व्यवसाय थाटणारा परकीय नागरिक व्हिसाच्या अटी मोडतो. त्याचे नाव काळ्या यादीत गेल्यास पुढच्या वेळी त्याला भारतातील विमानतळावरूनच परत फिरावे लागते.

पैसा आणि परतीची सोय

मुक्कामाचा खर्च भागेल एवढे पैसे, राहण्याचे ठिकाण आणि परतीचे तिकीट या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक देश विचारतो. शेंगेन सीमा संहितेत पुरेसे साधन नसणे हे नकाराचे स्वतंत्र कारण म्हणून नमूद आहे. अमेरिकेत सरकारी मदतीवर भार होण्याची शक्यता असलेल्या व्यक्तीला अपात्र ठरविता येते. बँक खात्यात अर्जापूर्वी दोन दिवस अचानक जमा झालेली मोठी रक्कम येथे उपयोगी पडत नाही. उलट ती कोठून आली, असा प्रश्न उभा राहतो. नातेवाईक खर्च करणार असतील, तर त्यांचे पत्र आणि त्यांच्या उत्पन्नाचा पुरावा सोबत असावा.

पूर्वीच्या वास्तव्याचा हिशेब

मागच्या भेटीत मुदतीपेक्षा अधिक दिवस राहिलेल्या प्रवाशाला त्याची किंमत पुढच्या भेटीत मोजावी लागते. शेंगेन क्षेत्रात अल्प मुदतीच्या भेटीवर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. पूर्वी हा हिशेब पासपोर्टवरील शिक्क्यांवरून होत असे. ऑक्टोबर २०२५ पासून तेथे टप्प्याटप्प्याने नवी प्रवेश-निर्गमन प्रणाली सुरू झाली. बोटांचे ठसे व चेहऱ्याची नोंद घेऊन ती दिवसांची मोजणी आपोआप करते. पुसट शिक्क्याच्या आधारे सवलत मागण्याचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत.

अमेरिकेत १८० दिवसांहून अधिक, परंतु एक वर्षापेक्षा कमी काळ बेकायदा राहून देश सोडल्यास ३ वर्षे प्रवेशबंदी लागू होते. एक वर्ष वा अधिक राहिल्यास ती १० वर्षांची होते. सीमेवरूनच तातडीच्या आदेशाने परत पाठविलेल्या व्यक्तीवर सर्वसाधारणपणे ५ वर्षे बंदी येते. ब्रिटनमध्येही मुदतबाह्य वास्तव्य केलेल्यांवर, ते कसे आणि कोणाच्या खर्चाने बाहेर पडले त्यानुसार, १ ते १० वर्षांची बंदी येऊ शकते. आखाती देशांत हद्दपार झालेल्यांचे ठसे व डोळ्यांच्या बुबुळांची नोंद साठविलेली असते. नवा पासपोर्ट काढून किंवा नावाचे स्पेलिंग बदलून तेथे पुन्हा शिरण्याचा प्रयत्न यंत्रासमोर उघडा पडतो.

गुन्ह्यांची नोंद

गुन्हा किती गंभीर, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवितो. ब्रिटनच्या इमिग्रेशन नियमांनुसार १२ महिने वा त्याहून अधिक कारावासाची शिक्षा झालेल्या व्यक्तीला प्रवेश नाकारणे बंधनकारक आहे. अमेरिकेत अनैतिकता दर्शविणारे गुन्हे आणि अमली पदार्थांचे गुन्हे अपात्रतेस कारण होतात. कॅनडाने डिसेंबर २०१८ पासून मद्यपान करून वाहन चालविण्याचा गुन्हा गंभीर वर्गात टाकला. भारतात दंड भरून विसरले गेलेले असे प्रकरण तेथे प्रवेशाच्या आड येऊ शकते.

व्हिसा अर्जात अटक, आरोपपत्र आणि शिक्षा यांविषयी वेगवेगळे प्रश्न असतात. खटला प्रलंबित असणे म्हणजे दोषी ठरणे नव्हे; तथापि अर्जात ते विचारले असल्यास दडवून ठेवता येत नाही. खटल्याचा निकाल अनुकूल लागला असेल, तर न्यायालयाच्या आदेशाची प्रमाणित प्रत जवळ बाळगणे उपयुक्त असते.

आरोग्याची अट

साथीच्या रोगापासून स्वतःच्या लोकांचे रक्षण हे प्रवेश नाकारण्याचे जुने कारण. पीतज्वराच्या लशीचे प्रमाणपत्र आजही अनेक देश मागतात. पीतज्वराच्या प्रदेशातून लस न घेता भारतात येणाऱ्याला ६ दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. ही लस घेतल्यानंतर १० दिवसांनी प्रमाणपत्र वैध होते आणि जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते. आफ्रिकेच्या व दक्षिण अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या खलाशांना ते सदैव जवळ ठेवावे लागते.

आखातातील नोकरीसाठी निघण्यापूर्वी मान्यताप्राप्त केंद्रात वैद्यकीय तपासणी होते आणि तेथे पोहोचल्यावर ती पुन्हा केली जाते. सक्रिय क्षयरोग वा एचआयव्ही संसर्ग आढळल्यास निवासी परवाना मिळत नाही व कामगाराला परत यावे लागते. अमेरिकेनेही एचआयव्हीबाधितांवर १९८७ पासून प्रवेशबंदी घातली होती. ती जानेवारी २०१० मध्ये उठविण्यात आली. वैद्यकीय समज बदलली की कायदाही बदलू शकतो, हे त्यातून दिसते.

आरोग्य आणि सत्ता यांची सांगड कशी असते, हे जानेवारी २०२२ मध्ये जगाने पाहिले. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच ऑस्ट्रेलियन स्पर्धेसाठी मेलबर्नला उतरले, तेव्हा कोविड लसीकरणातून सूट मिळाल्याचा पुरावा अपुरा ठरवून त्यांचा व्हिसा रद्द झाला. न्यायालयाने तो निर्णय फिरविला. त्यानंतर मंत्र्यांनी सार्वजनिक हिताच्या आधारे व्हिसा पुन्हा रद्द केला आणि संघीय न्यायालयाने तो ग्राह्य धरल्यावर जोकोविच यांना देश सोडावा लागला. त्यातून येणारी ३ वर्षांची बंदी पुढे माफ झाली आणि २०२३ मध्ये ते त्याच स्पर्धेत खेळले.

सुरक्षा, मते आणि परराष्ट्रसंबंध

सुरक्षेच्या कारणाने नाकारलेल्या प्रवेशात तपशील क्वचितच सांगितला जातो. मुत्सद्द्यांसाठी तर १९६१ च्या व्हिएन्ना करारातील नववे कलम यजमान देशाला कोणतेही कारण न देता एखाद्या राजनैतिक अधिकाऱ्यास 'अस्वीकार्य व्यक्ती' ठरविण्याची मुभा देते.

राजकीय मतांमुळे दार बंद झाल्याचे प्रसिद्ध उदाहरण चार्ली चॅप्लिन यांचे. सप्टेंबर १९५२ मध्ये ते जहाजाने युरोपकडे निघाले असतानाच अमेरिकेने त्यांचा पुनःप्रवेशाचा परवाना रद्द केला. मार्च २००५ मध्ये गुजरातचे तत्कालीन मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांना अमेरिकेने राजनैतिक व्हिसा नाकारला आणि धर्मस्वातंत्र्याविषयीच्या कलमाखाली त्यांचा आधीचा व्हिसाही रद्द केला. पंतप्रधान या नात्याने सप्टेंबर २०१४ मध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले. भारतानेही हा अधिकार वापरला आहे. मार्च २०२२ मध्ये ब्रिटनमधील मानववंशशास्त्रज्ञ फिलिपो ओसेला यांना तिरुवनंतपुरम विमानतळावरूनच परत पाठविण्यात आले.

गोमंतकीयांना या प्रकारच्या बंदीची ओळख करून देण्याची गरज नाही. पोर्तुगीज राजवटीत १८ जून १९४६ रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांना अटक झाली आणि नंतर त्यांना गोव्याबाहेर पाठविण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात ते पुन्हा आले, तेव्हा कुळे रेल्वे स्थानकावरच त्यांना अटक झाली.

नियमाआडचा वंशभेद

नियम दिसायला तटस्थ, परंतु रोख एकाच समूहावर, असा अनुभव भारतीयांनी भोगला आहे. कॅनडाने १९०८ मध्ये असा नियम केला की, स्थलांतरिताने मायदेशाहून थेट, मध्ये कोठेही जहाज न बदलता आले पाहिजे. भारताहून असा थेट जलमार्ग सोयीचा नव्हता आणि नियमाचा हेतूही तोच होता. त्याला आव्हान देत ३७६ प्रवाशांसह 'कोमागाता मारू' हे जहाज २३ मे १९१४ रोजी व्हँकुव्हरला पोहोचले. दोन महिने ते बंदरात अडकून राहिले. अवघ्या २४ जणांना उतरू देण्यात आले आणि २३ जुलै रोजी उरलेल्यांसह जहाज परत फिरले. सप्टेंबरात कोलकात्याजवळील बजबज येथे पोलिसांच्या गोळीबारात अनेक प्रवासी मृत्युमुखी पडले. मे २०१६ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत या घटनेबद्दल माफी मागितली.

अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियातील मोठा प्रदेश प्रतिबंधित ठरविला आणि भारतीयांचे स्थलांतर जवळजवळ बंद पाडले. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्याने भारतीयांसाठी वर्षाला १०० जणांचा कोटा खुला झाला.

असत्य विधान: सर्वांत महाग पडणारे कारण

आतापर्यंतच्या बहुतेक कारणांना काही ना काही उपाय असतो. असत्य विधानाला मात्र कोणताच देश सहजासहजी क्षमा करीत नाही. महत्त्वाच्या बाबीत जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्यास अमेरिकेत कायमचे अपात्र ठरविले जाते. त्यातून सुटका केवळ विशेष माफीनेच होऊ शकते. ब्रिटनमध्ये फसवणूक करून व्हिसा मागणाऱ्यावर सर्वसाधारणपणे १० वर्षांची, तर कॅनडात ५ वर्षांची बंदी येते. ऑस्ट्रेलियात बनावट कागदपत्रांसाठी ३ वर्षे आणि ओळख खोटी दिल्यास १० वर्षे अर्ज मंजूर होत नाही.

याची सुरुवात पुष्कळदा अगदी क्षुल्लक गोष्टीतून होते. पूर्वी एकदा व्हिसा नाकारला गेला होता, हे लपविण्यासाठी अर्जात 'नाही' लिहिले जाते. अनुभवाचा बनावट दाखला एजंट परस्पर जोडतो. उसनी रक्कम खात्यात दाखविली जाते. खरे सांगितले असते, तर कदाचित एका अर्जापुरता नकार मिळाला असता. लपविल्यामुळे तोच दोष दशकभराची बंदी बनतो. एजंटाने भरले, मला ठाऊक नव्हते, ही सबब सहसा ऐकली जात नाही, कारण अर्जाखालची सही अर्जदाराची असते. स्वतःचा अर्ज सादर होण्यापूर्वी अखेरच्या शब्दापर्यंत वाचून पाहणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त उपाय होय.

पोर्तुगीज पासपोर्ट आणि गोवेकर

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा मार्ग खुला असल्याने येथील हजारो कुटुंबांनी तो पासपोर्ट घेतला आणि त्या आधारे स्विंडन, साउथॉल, लेस्टर अशा ठिकाणी घरे केली. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर स्थिती पालटली. ३१ डिसेंबर २०२० रोजी मुक्त संचार संपला. त्या दिवसापर्यंत ब्रिटनमध्ये राहत असलेल्यांना वास्तव्याचा हक्क राखण्यासाठी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करावयाचा होता. ऑक्टोबर २०२१ पासून युरोपीय ओळखपत्रावर बहुतेकांचा प्रवेश बंद झाला. पासपोर्टच लागू लागला. २ एप्रिल २०२५ पासून वास्तव्याचा हक्क नसलेल्या युरोपीय नागरिकांना आगाऊ इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानाही घ्यावा लागतो. हा परवाना भेटीसाठी आहे. त्यावर नोकरी करता येत नाही. जुन्या आठवणींवर विसंबून, पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की ब्रिटनमध्ये काम मिळते, असे मानणाऱ्याला सीमेवर परत फिरावे लागू शकते.

परतीच्या वाटेवरही एक दार आहे. नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यानंतर जुना भारतीय पासपोर्ट जमा करणे आवश्यक असते. तो वापरून प्रवास करणे दंडनीय आहे. अशा व्यक्तीला जन्मगावी येण्यासाठीही व्हिसा किंवा ओसीआय कार्ड लागते आणि कार्डासोबत वैध परकीय पासपोर्ट बाळगावा लागतो. ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. कायद्यातील ठरावीक कारणांसाठी केंद्र सरकार ते रद्द करू शकते.

नकार मिळालाच तर

पहिली गोष्ट म्हणजे कारण लेखी मागावे. शेंगेन देशांत सीमेवर ठरावीक नमुन्यातील कागद देणे बंधनकारक आहे. त्यावर वैध पासपोर्ट नसणे, बनावट व्हिसा, हेतूचा पुरावा नसणे, ९० दिवस संपणे, अपुरी साधने, माहिती प्रणालीत नाव असणे, सार्वजनिक सुव्यवस्थेला धोका अशी कारणे अक्षरांनुसार छापलेली असतात आणि लागू असलेल्या कारणावर खूण केली जाते. त्याविरुद्ध अपील करता येते. परंतु अपील केले म्हणून लगेच प्रवेश मिळत नाही.

दुसरे, न समजलेल्या कागदावर सही करू नये, दुभाषा मागावा. अमेरिकेत कधीकधी अधिकारी प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेण्याची संधी देतात. तसे केल्यास व्हिसा बहुधा रद्द होतो, पण हद्दपारीच्या आदेशासोबत येणारी ५ वर्षांची बंदी टळते. सही कशावर होत आहे, हे समजणे म्हणूनच निर्णायक ठरते. तिसरे, मायदेशी परतल्यावर जीवाला धोका असल्यास ते तेथेच स्पष्ट सांगावे. चौथे, भारतीय नागरिकाला ताब्यात घेतले गेल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क मागण्याचा त्याला हक्क आहे.

घरी परतल्यावर तिकीट, नकाराचा कागद आणि पासपोर्टवरील खुणा जपून ठेवाव्यात. पुढील प्रत्येक व्हिसा अर्जात पूर्वीच्या नकाराविषयी प्रश्न असेल आणि त्याचे उत्तर त्याच कागदाशी जुळले पाहिजे. मुदत संपलेला पासपोर्ट, अपुरे पैसे, चुकीचा व्हिसा यांमुळे मिळालेला नकार प्रामाणिकपणे नमूद करून, दोष दूर केल्याचा पुरावा जोडल्यास बंद झालेले दार पुन्हा उघडल्याची उदाहरणे विपुल आहेत.